जुन्या हार्ड डिस्केंतील ठेवा

शुभवर्तमानांतील एका दृष्टान्तांत एक स्त्री आपलें हरवलेलें नाणें शोधते. तिच्यापाशीं दहा नाणीं होतीं. त्यांतील एक घरांतल्या घरांतच दिसेनासें झालें. तिनें दिवा लावला, घर झाडून काढलें आणि नाणें सांपडेपर्यंत शोध सोडला नाहीं. हा दृष्टान्त आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकलेला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहतां अगदीं निराळा, म्हणजे जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्केंतून हरवलेल्या फाइली परत मिळविण्याचा आहे; तथापि ती स्त्री येथें दोन कारणांनीं उपयोगी पडते. एक तर तिचें नाणें घराबाहेर गेलेंच नव्हतें, तें केवळ दृष्टीआड झालें होतें. जुन्या डिस्केंतील फाइलींचेंही बहुधा असेंच असतें. दुसरें असें कीं, तिच्या दोन साधनांपैकीं एकच आपल्या कामाचें आहे. दिवा लावावयाचा, केरसुणीला मात्र हात लावावयाचा नाहीं. असें कां, तें पुढें कळून येईल.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशीं एखादा बंद पडलेला संगणक असेल. विंडोज एक्सपी ही प्रणाली २००१ सालीं बाजारांत आली आणि पुढील दहा-बारा वर्षें तिच्यावर चालणारीं यंत्रें घरोघरीं होतीं. २०१४ च्या एप्रिलमध्यें तिच्या निर्मात्यांनीं तिची डागडुजी करणें थांबविलें. या यंत्रांत कोणाच्या मावशीच्या लग्नाचीं छायाचित्रें आहेत, कोणाच्या आजोबांनीं उतारवयांत लिहिलेलें आत्मवृत्त आहे, कोणाच्या दुकानाचा दहा वर्षांचा हिशेब आहे. यंत्र सुरू होत नाहीं, म्हणजे आंतील सर्व गेलें, अशी समजूत करून घेऊन पुष्कळ पालक तें भंगारवाल्यास वजनावर देऊन टाकतात. ही समजूत निराधार आहे. वीज पुरविणारी पेटी जळते, मदरबोर्डावरील कपॅसिटर फुगतात, विंडोजची स्वतःची एखादी फाइल बिघडते. यांतील एकाही कारणाचा डिस्केवर लिहिलेल्या तुमच्या मजकुराशीं संबंध नसतो. घराच्या दाराचें कुलूप बिघडलें म्हणून घरांतील पेटारे रिकामे होत नाहींत.

विषय नुसता शब्दांत सांगण्यापेक्षां एक खरें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवून सांगणें बरें. आमच्या परिचयाचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. त्यांच्या मातोश्रींना जात्यावरच्या ओव्या शेंकड्यांनीं पाठ होत्या. त्या त्यांनीं आईच्या तोंडून ऐकून वहींत उतरल्या आणि २००४ सालच्या सुमारास संगणकावर टंकलिखित केल्या. पुढें आई निवर्तली. वही एका पावसाळ्यांत गळक्या भिंतीच्या कपाटांत भिजून लगदा झाली. संगणकावरील संग्रह, खेळांसाठीं जागा हवी म्हणून, अजाण नातवानें काढून टाकला, आणि नंतर कांहीं महिन्यांनीं यंत्रही बंद पडलें. गुरुजी डिस्क घेऊन आले तेव्हां त्यांनीं एवढेंच विचारलें, “यांत कांहीं उरलें असेल काय?” या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं डिस्केची रचना थोडीशी समजून घ्यावी लागते.

हार्ड डिस्क म्हणजे धातूच्या बंद डबींत एका मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळां फिरणाऱ्या गुळगुळीत तबकड्या. तबकडीवर चुंबकीय लेप असतो आणि तिच्या पृष्ठापासून केसाच्या जाडीहूनही अत्यंत कमी अंतरावर वाचणारें व लिहिणारें हेड तरंगत असतें. पृष्ठभागाचे लहान लहान वाफे पाडलेले असतात. त्यांस सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्केंत प्रत्येक सेक्टरांत ५१२ बाइट मावतात. गुरुजींची डिस्क ४० गिगाबाइटची होती, म्हणजे तींत सुमारें ७ कोटि ८० लक्ष वाफे होते. इतक्या वाफ्यांतून कोणती फाइल कोठें आहे याची नोंद ठेवणारें एक दप्तर असल्याखेरीज कारभार चालणार नाहीं.

शेतकऱ्यांच्या मुलांस सात-बाराचा उतारा परिचित असतो. शेत रानांत असतें आणि त्याची नोंद तलाठ्याच्या दप्तरांत असते. या दोन वस्तु एक नव्हेत. विंडोजची जी एनटीएफएस नांवाची पद्धति १९९३ पासून चालत आली आहे, तींत असेंच एक दप्तर असतें. त्याला मास्टर फाइल टेबल म्हणतात. प्रत्येक फाइलीसाठीं त्यांत साधारणतः १०२४ बाइटांचा एक उतारा असतो. फाइलीचें नांव, तारीख, आकार आणि तिचा मजकूर कोणकोणत्या वाफ्यांत आहे, हें सर्व तेथें लिहिलेलें असतें. फाइल अगदींच लहान असेल तर तिचा मजकूरही या उताऱ्यांतच सामावतो. आतां मुख्य गोष्ट अशी, कीं आपण फाइल काढून टाकतों तेव्हां विंडोज त्या वाफ्यांकडे फिरकतही नाहीं. उताऱ्यावर ‘हा आतां चालू नाहीं’ अशी एक खूण होते आणि ते वाफे मोकळ्या जमिनींत जमा होतात, एवढेंच. शेत जागच्या जागीं, पीकही उभें. फक्त दप्तरांत तें पडीक लिहिलें गेलें. मात्र पडीक म्हणून लिहिलेली जमीन उद्यां दुसऱ्याच्या नांवें लागूं शकते. नवी फाइल आली आणि तिनें तेथें नांगर घातला, म्हणजे जुनें पीक खरोखरच गेलें. त्या क्षणापर्यंत तें आहे.

विंडोज ९८ च्या काळच्या डिस्कांवर फॅट नांवाची याहून जुनी व्यवस्था आढळते. तेथें काढून टाकलेल्या फाइलीच्या नांवाचें केवळ पहिलें अक्षर खोडून त्या जागीं एक ठराविक चिन्ह घालतात. म्हणून अशा डिस्केंतून परत मिळालेलीं नांवें बिनडोक्याचीं असतात; ‘ित्र’ पाहून ‘मित्र’ कीं ‘चित्र’ हें आपणच ठरवावयाचें.

काढून टाकलेलें नाहींसें होत नाहीं, हें एका प्रयोगानें जगापुढें आलें. अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंतील सिम्सन गारफिंकल आणि अभि शेलत या दोघांनीं जुन्या बाजारांतून १५८ वापरलेल्या डिस्का विकत घेतल्या आणि २००३ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांतील १२९ चालू होत्या, आणि योग्य रीतीनें पूर्ण पुसलेल्या अवघ्या १२ निघाल्या. उरलेल्यांतून लोकांचीं पत्रें, औषधोपचाराची माहिती आणि पांच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक वाचतां आले. जी गोष्ट गुरुजींना आशा देणारी, तीच डिस्क भंगारांत देणाऱ्या पालकांनीं धास्ती घेण्यासारखी आहे. ज्या डिस्केचें काम खरोखर संपलें असेल ती आरंभापासून अखेरपर्यंत शून्यांनीं भरून मगच घराबाहेर जाऊं द्यावी. लिनक्सवर त्यासाठीं एक आज्ञा पुरते. मात्र ती चुकून भलत्या डिस्केवर चालविली तर या लेखांतील कोणताही उपाय लागू पडणार नाहीं.

आतां केरसुणीविषयीं. जुनी डिस्क दुसऱ्या विंडोज यंत्रास जोडतांच ती प्रणाली आपण होऊन तिच्यावर लिहूं लागते. कोठें स्वतःचा एखादा फोल्डर निर्माण करते, कोठें दप्तरांतील अपुरीं कामें पुरीं करते, आणि कित्येकदां ‘डिस्केंत दोष आहेत, दुरुस्त करूं काय?’ असें नम्रपणें विचारते. या प्रश्नास होकार दिला कीं, चेकडिस्क नांवाचा कार्यक्रम दप्तर झाडूं लागतो. निरोगी डिस्केसाठीं तो उपयुक्त आहे. परंतु आजारी डिस्केवर तो तुटके उतारे जुळत नाहींत म्हणून निकालांत काढतो, आणि आपणांस नेमके तेच हवे असतात. त्यांतून त्याचें प्रत्येक लेखन कोणत्या पडीक वाफ्यावर पडेल याचा नेम नसतो. कांहीं सांपडावें अशी इच्छा असेल तर त्या डिस्केवर एक अक्षरही लिहिलें जातां कामा नये. ती केवळ वाचावयाची.

या कामीं लिनक्स ही प्रणाली फार सोयीची आहे. फिनलंडमधील हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने १९९१ सालीं तिचा आरंभ केला. ती मोफत मिळते, लहानशा पेन ड्राइव्हवरूनही चालते, आणि ‘ही डिस्क फक्त वाच’ असें सांगितलें तर तें पाळते. विंडोजचें दप्तर तिला वाचतां येतें. त्यासाठीं एनटीएफएस-थ्रीजी हा कार्यक्रम २००७ पासून स्थिर स्वरूपांत उपलब्ध आहे, आणि २०२१ सालच्या ५.१५ या आवृत्तीपासून तर तशी सोय लिनक्सच्या गाभ्यांतच घातली गेली आहे. तथापि लिनक्स म्हणजे आपोआप सुरक्षितता, असें मात्र कोणी समजूं नये. लिनक्सच्या कांहीं आवृत्त्या नवी डिस्क जोडतांच ती आपण होऊन उघडतात, आणि तीही लिहिण्याच्या परवानगीसह. ही सवय डिस्क जोडण्यापूर्वींच सेटिंगमध्यें जाऊन बंद करावी.

जोडणी सोपी आहे. २००३ पूर्वींच्या बहुतेक डिस्कांना चाळीस टाचण्यांची रुंद आयडीई जोडणी असते. त्यानंतर साटा नांवाची अरुंद जोडणी आली. दोन्हींसाठीं यूएसबीला लावण्याचे अडॅप्टर दुकानांत मिळतात. मेजावरच्या यंत्रांतील साडेतीन इंची डिस्केस बारा व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, तो अडॅप्टरबरोबर आहे कीं नाहीं हें पाहून घ्यावें. मांडीवरच्या यंत्रांतील अडीच इंची डिस्क बहुधा यूएसबीच्याच विजेवर चालते. डिस्केस वीज देतांच कान देऊन ऐकावें. संथ घरघर ठीक. परंतु टक्-टक् असा ठराविक ठोका पडूं लागला तर हेडास इजा झालेली असण्याचा संभव असतो. अशा वेळीं तत्काळ वीज काढून घ्यावी आणि धूळरहित दालन असलेल्या तज्ज्ञांकडे जावें. खर्च मोठा असतो, पण घरीं डबी उघडल्यास धुळीचा एक कणही तबकडी ओरखडण्यास पुरेसा होतो. डिस्क फ्रीजमध्यें ठेवण्याचा जो उपाय कानोकानीं सांगितला जातो, तो आमच्या मतें टाकाऊ आहे. थंड धातूवर दंव धरतें, आणि तेंही तबकडीस घातकच.

ठोका नसेल तर डिस्केची नाडी पाहावी. स्मार्टसीटीएल हा कार्यक्रम डिस्केनें स्वतःच ठेवलेली प्रकृतीची नोंद वाचून दाखवितो. त्यांत अनेक रकाने असतात. किती वाफे निकामी ठरवून बदलले आणि किती वाफे वाचतां न आल्यामुळें शंकास्पद म्हणून ठेवले, एवढे दोन आंकडे पाहिले तरी पुरें. ते शून्याहून वर असतील तर घाई करावी. पण ती फाइली उघडून पाहण्याची नव्हे, तर प्रत काढण्याची.

या कामाचें हृदय येथें आहे. मूळ डिस्केंत शोधाशोध करावयाचीच नाहीं. तिची वाफ्यावर वाफा अशी हुबेहूब प्रत दुसऱ्या मोठ्या डिस्केवर एकाच फाइलीच्या रूपानें उतरून घ्यावयाची, मूळ डिस्क पुडक्यांत बांधून कपाटांत ठेवावयाची, आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावयाचे. प्रत बिघडली तर दुसरी काढतां येते. यासाठीं अंतोनियो डियाझ डियाझ यांनीं रचलेला जीएनयू डीडीरेस्क्यू हा कार्यक्रम आहे, आणि त्याची युक्ति शिकण्यासारखी आहे. परीक्षेंत हुशार विद्यार्थी अडलेल्या प्रश्नापाशीं बसून राहत नाहीं. सोपे प्रश्न आधीं सोडवितो आणि अवघड प्रश्नांकडे मग वळतो. डीडीरेस्क्यूही प्रथम जेवढें सहज वाचतां येईल तेवढें भरभर उतरून घेतो आणि जेथें अडेल तो भाग मोठी उडी मारून ओलांडतो. नंतर परत येऊन त्या दोषी भागाच्या दोन्ही कडा आंतल्या बाजूस कुरतडीत नेतो, आणि सरतेशेवटीं उरलेले वाफे एकेक करून, सांगितलें असल्यास पुनः पुनः, वाचून पाहतो. काय वाचलें व काय राहिलें याचा नकाशा तो वेगळ्या फाइलींत लिहीत जातो. त्यामुळें मध्येंच वीज गेली तरी जेथें राहिलें तेथून काम पुढें चालू करतां येतें. नकाशा लिहिण्यास न सांगतां प्रत काढूं नये. मरणोन्मुख डिस्केकडून तोच वाफा दुसऱ्यांदा वाचवून घेणें म्हणजे आजाऱ्यास विनाकारण जिना चढावयास लावणें होय.

आज्ञा देतांना आधीं मूळ डिस्केचें नांव आणि मग प्रतीचें, हा क्रम आहे. तो उलटल्यास कोरी डिस्क जुनीवर उतरेल. लिनक्समध्यें डिस्कांना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशीं जुळ्या भावांसारखीं नांवें मिळतात, आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर तीं बदलूंही शकतात. म्हणून प्रत्येक वेळीं यादी मागवून डिस्केचा आकार व निर्मात्याचा क्रमांक ताडून पाहावा. ४० गिगाबाइटची निरोगी डिस्क सेकंदास ३० मेगाबाइट या वेगानें सुमारें २२ मिनिटांत उतरते. त्याच वेगानें ५०० गिगाबाइटला साडेचार तासांहून अधिक लागतात. दोषी वाफे असतील तर रात्र जाते. गुरुजींच्या डिस्केस आम्हीं संध्याकाळीं लावलें. बराचसा भाग चहा होईपर्यंत उतरला, आणि शेवटच्या थोड्याशा हट्टी वाफ्यांनीं दुसऱ्या दिवसाची दुपार पाहिली. त्यांतील कांहीं अखेरपर्यंत वाचले गेले नाहींत.

प्रत हातीं आल्यावर ती ‘केवळ वाचन’ अशी अट घालून उघडावी. एक्सपीमध्यें घरच्या मंडळींच्या फाइली ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरांत नांवनिशीवार असतात. २००७ च्या व्हिस्टापासून पुढें त्याच ‘यूझर्स’ मध्यें ठेवल्या जाऊं लागल्या. विंडोजचा परवलीचा शब्द आठवत नसला तरी येथें अडत नाहीं. दाराशीं पहारेकरी बसविणारें विंडोजच होतें, आणि तें तर आतां झोपलेलें आहे. म्हणूनच दुसऱ्याची डिस्क हाताळतांना, मालकानें मागितलेल्या फाइलींपलीकडे डोकावूं नये असा आमचा दंडक आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यांनींही तो पाळावा. जेथें मजकूरच सांकेतिक केलेला असेल तेथें गोष्ट वेगळी. व्हिस्टापासून आलेल्या बिटलॉकरनें बंद केलेली डिस्क लिनक्सवर उघडतां येते, परंतु तिचा शब्द किंवा ४८ अंकांची किल्ली असेल तरच. ती कागदावर लिहून ठेवलेली नसेल तर कोणाचेंही कसब चालत नाहीं.

आणखी एक अडथळा विंडोज ८ पासूनच्या, म्हणजे २०१२ नंतरच्या यंत्रांत आढळतो. त्यांत यंत्र बंद केलें तरी तें खरोखर बंद न होतां अर्धवट निद्रेंत जातें, व दप्तरांतील कांहीं नोंदी अपुऱ्या राहतात. लिनक्स हें ओळखतें आणि अशी डिस्क लिहिण्यासाठीं उघडण्याचें नाकारतें. तें निद्रेचें टिपण काढून टाकण्याचा एक पर्याय आहे, पण आपणांस लिहावयाचेंच नाहीं, मग तो कशाला योजावा?

फाइली जागेवर असतील तर येथेंच काम संपलें. बहुतेक घरांत तें येथेंच संपतें. त्या काढून टाकलेल्या असतील तर प्रथम कचरापेटी पाहावी. एक्सपीमध्यें तिचा फोल्डर ‘रिसायकलर’ या नांवाचा आणि दडविलेला असतो. कित्येकदां सारा ठेवा तेथेंच, केवळ नांवें बदललेल्या स्थितींत, सांपडतो. तेथेंही नसेल तर फ्रान्समधील क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे टेस्टडिस्क आणि फोटोरेक हे दोन मोफत कार्यक्रम आहेत. टेस्टडिस्क दप्तरांतील ‘चालू नाहींत’ अशी खूण झालेले उतारे वाचून त्या फाइलींची यादी देतो, आणि निवडलेल्या फाइली दुसरीकडे उतरून देतो. नांवें, फोल्डर व तारखा यांसह फाइल मिळते, म्हणून प्रथम याचाच उपयोग करावा.

दप्तरच जळालें असेल, किंवा उताऱ्यावर दुसऱ्याचें नांव चढलें असेल, तर फोटोरेककडे वळावें. तो दप्तराकडे पाहतच नाहीं. रानांत उतरून बांधाचे दगड ओळखीत चालतो. प्रत्येक जातीच्या फाइलीच्या आरंभीं एक ठराविक चिन्ह असतें. छायाचित्राची जेपेग फाइल सोळा-अंकी पद्धतींतील एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइटांनीं सुरू होते. वर्डच्या नव्या फाइली वस्तुतः झिप प्रकारच्या असल्यामुळें त्यांच्या आरंभीं पी आणि के हीं अक्षरें आढळतात. तीं झिपचा जनक फिल कॅट्झ याचीं आद्याक्षरें होत. असा हा कार्यक्रम ४८० हून अधिक प्रकारच्या फाइली ओळखतो. परंतु नांव दप्तरांत होतें, तें त्याला मिळत नाहीं. परत आलेल्या हजारों फाइलींना नुसते क्रमांक असतात आणि त्या निवडीत बसणें हें कंटाळवाणें काम घरच्या मंडळींनाच करावें लागतें. ज्या फाइलीचे तुकडे दूरदूरच्या वाफ्यांत विखुरले असतील ती कित्येकदां अर्धीच मिळते. येथें एक इशारा द्यावा लागतो. हे सर्व फिरणाऱ्या तबकड्यांविषयीं झालें. आजच्या एसएसडीमध्यें, २००९ च्या विंडोज ७ पासून, फाइल काढतांच ते वाफे मोकळे झाल्याची वर्दी डिस्केस दिली जाते आणि डिस्क ते स्वतःच साफ करून टाकते. तेथें काढलेली फाइल परत मिळण्याची आशा फारच थोडी.

टेस्टडिस्कच्या यादींत गुरुजींचा फोल्डर दिसला. ओव्यांचे विषय पाडून त्यांनीं माहेर, सासर, भाऊ, पंढरी, पाऊस अशा निरनिराळ्या फाइली केल्या होत्या. त्यांतील दोन सोडून बाकीच्या सगळ्या जशाच्या तशा निघाल्या. त्या दोहोंच्या वाफ्यांवर नातवाच्या खेळाचीं चित्रें चढलीं होतीं. परंतु पहिली फाइल उघडतांच गुरुजींचा चेहरा उतरला. पडद्यावर मराठीचें एक अक्षर नव्हतें. इंग्रजी अक्षरें, आंकडे आणि उद्गारचिन्हें यांची नुसती खिचडी होती.

हा प्रसंग मराठी घरांत हटकून येतो, म्हणून त्याचें कारण सविस्तर सांगतों. जगांतील सर्व लिपींच्या अक्षरांना एकेक कायम क्रमांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेंत देवनागरीस १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच स्थान होतें. पण घरच्या व छापखान्यांतील संगणकांवर ती रुळण्यास त्यापुढें बराच काळ गेला. मधल्या वर्षांत मराठी लोक श्रीलिपि, आकृति इत्यादि पद्धतींच्या फॉन्टांवर काम करीत. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरीचीं वळणें बसविलेलीं असत. संगणक आपल्या समजुतीनें इंग्रजी अक्षर साठवी आणि फॉन्ट त्यास मराठी वेष चढवी. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर वेष गळून पडतो. त्यांतही प्रत्येक निर्मात्याची मांडणी निराळी; एकाचा ‘क’ तो दुसऱ्याचा भलताच कांहीं.

तात्पर्य, खिचडी दिसली म्हणून फाइल बिघडली असें समजून ती फेंकूं नये. ज्या फॉन्टांत ती लिहिली तो बहुधा त्याच डिस्केंत, ‘विंडोज’ फोल्डरांतील ‘फॉन्ट्स’ या पोटफोल्डरांत असतो. म्हणून जुनी डिस्क उतरतांना नुसतीं कागदपत्रें न घेतां हा फोल्डरही अवश्य घ्यावा; आम्हांस तर तो छायाचित्रांइतकाच मोलाचा वाटतो. तो फॉन्ट लिनक्समधील आपल्या फॉन्टांच्या फोल्डरांत ठेवला आणि लिबरऑफिसमध्यें फाइल उघडली, कीं मराठी दिसूं लागतें. कोणता फॉन्ट हवा तें फाइलींतच लिहिलेलें असतें; मजकुरावर टिचकी मारली कीं त्याचें नांव वरच्या चौकटींत दिसतें. पेजमेकरमध्यें जुळविलेल्या जुन्या स्मरणिका व पुस्तिकाही लिबरऑफिस २०१५ पासून बऱ्याच अंशीं उघडूं शकतें. पानांची मांडणी थोडी विस्कटते, मजकूर मिळतो.

वाचतां आल्यावर मजकूर युनिकोडमध्यें उतरणें हें पुढील काम. त्यासाठीं निरनिराळ्या फॉन्टांचे परिवर्तक मिळतात, पण त्यांचें काम डोळे मिटून स्वीकारूं नये. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधीं साठविलेली असे. युनिकोडमध्यें ती अक्षरानंतर येते. रफाराचेंही तसेंच, तो दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण उच्चारक्रमानें येतो त्या अक्षराच्या आधीं. परिवर्तक येथेंच वारंवार ठेंचाळतात, आणि जोडाक्षर आलें कीं वेलांटी भलत्याच अक्षरास जाऊन चिकटते. हें शुद्धलेखन तपासण्यास मराठी जाणणारा मनुष्यच लागतो. आमच्या वरच्या वर्गांतील चार विद्यार्थिनींनीं गुरुजींच्या फाइली वांटून घेऊन दिवाळीच्या सुटींत तपासल्या, आणि त्यांतील कित्येक शब्दांचे अर्थ विचारण्यासाठीं त्यांना आपल्या आजींकडे जावें लागलें.

राहिल्या त्या दोन फाइली. त्यांच्यासाठीं आम्हीं फोटोरेक सबंध प्रतीवरून फिरविला. वर्ड हा कार्यक्रम लिहितांना मधूनमधून तात्पुरत्या प्रती तयार करतो आणि काम संपलें कीं काढून टाकतो. अशा एका काढलेल्या प्रतींत ‘भाऊ’ या फाइलीचा पूर्वींचा मसुदा, शेवटचीं तीन पानें वगळून, मिळाला. ‘पाऊस’ या फाइलीचा मात्र आरंभ व शेवट यांमधील भाग कोठेंच नाहीं. गुरुजींची धाकटी बहीण साताऱ्याकडे असते; तिला दूरध्वनीवरून विचारून त्यांनीं त्यांतील अकरा ओव्या मिळविल्या आहेत, आणि छापलेल्या प्रतींत त्या जागीं सोडलेल्या कोऱ्या पानांवर त्या पेन्सिलीनें लिहिल्या आहेत.